थार सीआरडीईला पुढे सॉलिड अ‍ॅक्सल : अ‍ॅक्सल मिळालाय, पण रॅक स्टीअरिंगचं काय करू?

मुलुंडकर_थार

मंडळी नमस्कार. गाडी महिंद्रा थार सीआरडीई (डिझेल), २०१३ ची, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने पुढचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे पिळाचे दांडे) पिळून गाडी उचलून ठेवलीये. समोरून बघायला रुबाबदार, पण खालचे आर्म लोंबकळतायत आणि ड्राइव्ह शाफ्ट इतके तिरके फिरतात की सीव्ही जॉइंटचे (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यांचे) रबर बूट टिकतच नाहीत. गेल्या पावसाळ्यात मुरबाडच्या पुढे एका ओढ्यात डावा जॉइंट कडाडला. मागच्या चाकांवर रडतखडत घर गाठलं. वाटेत बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून डोक्यात एकच, आयएफएसची (पुढचं प्रत्येक चाक सुटं झुलवणाऱ्या सस्पेन्शनची) ही भानगड मुळासकट काढायची आणि पुढे सॉलिड अ‍ॅक्सल टाकायचा. सॉलिड म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर. टायर ३३ इंची करायचे आहेत. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका जुन्या मालवाल्याकडे एमएम ५४० चा (महिंद्राच्या जुन्या जीपचा) म्हणून अख्खा पुढचा अ‍ॅक्सल मिळाला. या ड्रमपासून त्या ड्रमपर्यंत पूर्ण, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) सीटसकट. "डायरेक्ट बसतो साहेब, दोन दिवसांचं काम." टोकन देऊन आलोय. कळव्याला एक फॅब्रिकेटर आहे, तो म्हणतो चेसिसला ब्रॅकेट मारून देतो, पाटे मी आण.

अडलंय ते इथे : माझ्या गाडीला रॅक अँड पिनियन (दात्यांच्या आडव्या पट्टीने चाकं वळवणारं) पॉवर स्टीअरिंग आहे. फॅब्रिकेटर म्हणतो रॅक तसाच ठेवू, टाय रॉड लांब करू. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही तेही सांगता येत नाही. पाटे घालावेत की कॉइल? आणि आरटीओचं काय? गाडी रोजची नाही, पण महिन्यातून दोनदा तरी ईस्टर्न एक्स्प्रेसवरून आणि नाशिक हायवेवरून पळते. ट्रेलरवर घालून नेण्याएवढी ऐपत नाही.

घोडबंदर_जिप्सी

मित्रा, थेट सांगते, राग मानू नकोस. थार विक आणि जिला कंपनीतूनच पुढे सॉलिड अ‍ॅक्सल आहे अशी गाडी घे. जिप्सी आहे, जुन्या एमएम आहेत. कॉइलवाली जुनी गुरखा मिळाली तर सोनंच, पुढेमागे दोन्हीकडे लॉकर (डाव्या-उजव्या चाकांना एकत्र फिरवणारं कुलूप). नवीन हवी तर २०२३ ला जिम्नी आली, पुढे-मागे थ्री-लिंक रिजिड अ‍ॅक्सल. बाकी बहुतेकांनी सोडून दिलं. २०२० ची थार पुढे इंडिपेंडंट, २०२१ ची गुरखासुद्धा पुढे इंडिपेंडंट. टोयोटाने मोठ्या लँड क्रूझरला ८० सिरीजपर्यंत पुढे सॉलिड ठेवला आणि १०० सिरीजच्या बहुतेक गाड्यांत काढला. सगळ्या कंपन्यांचे इंजिनियर मूर्ख नाहीत. हायवेला आयएफएस गाडी नीट चालते म्हणून घालतात.

आणि हो, कोणी जिप्सीचा अ‍ॅक्सल थारला टाक म्हणालं तर हसून सोडून दे. माझ्या हलक्या पेट्रोल जिप्सीतच मोठ्या टायरवर बर्फील्ड जॉइंट (पुढच्या चाकांजवळचे सांधे) बोंबलतात. तुझ्या डिझेलच्या टॉर्कला ते नाश्त्यालाही पुरायचे नाहीत.

भांडुपचा_लेथवाला

अरे मुलुंडकर, अ‍ॅक्सल बसतो रे. लोखंडाला लोखंड चिकटतंच. दोन दिवसांत बसतो म्हणणारा तो कुर्लेवाला खोटं बोलत नाहीये. बसल्यावर गाडी सरळ चालेल का, हे त्याला विचारलंस का? ते त्याचं कामच नाही.

एलबीएस रोडवरच्या एका टूलरूममध्ये माझा जन्म गेला. आता गाळ्यात एक लेथ आणि एक वेल्डिंग मशीन घेऊन बसतो. पोरं असले अ‍ॅक्सल घेऊन येतात. त्यातली अर्धी कामं अ‍ॅक्सलची नसतातच, सगळी स्टीअरिंगची असतात. म्हणून तुझा प्रश्न आवडला, तू बरोबर जागी अडलायस.

स्टीअरिंगच्या आधी तीन गोष्टी झटपट बघून घे, कारण त्यातली एक जरी चुकली तर पुढचं वाचायची गरज नाही.

गाडीखाली झोप आणि ट्रान्सफर केसमधून (ताकद पुढेमागे वाटणाऱ्या डब्यातून) पुढचा शाफ्ट कुठल्या अंगाला निघतो ते बघ. जुन्या जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलचा गोळा (डिफरन्शियल) उजवीकडे, म्हणजे आपल्या ड्रायव्हरच्या बाजूला असतो. दोन्ही एकाच बाजूला हवेत. कोणी शहाणा सांगेल, अ‍ॅक्सल उलटा पालथा कर, गोळा दुसरीकडे जाईल. जातो ना. मग फोर व्हील टाकल्यावर मागची चाकं कसाऱ्याला निघतात आणि पुढची ठाण्याला.

दुसरं, रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे. पुढचा आणि मागचा रेशो एकच पाहिजे, यात तडजोड नाही. प्लेट शोधत बसू नकोस, जुन्या मालावर प्लेट राहत नाही आणि राहिली तरी आतला क्राउन पिनियन (गोळ्यातली दात्यांची जोडी) तोच असेल याची हमी कोण देणार? गाडीची मागची चाकं उचल, न्यूट्रलला टाक, हँडब्रेक सोड, पुढच्या चाकांना ठोकळे लाव. मागचं एक चाक मित्राला घट्ट धरायला सांग आणि दुसरं बरोब्बर दोन फेरे फिरव. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट जितके फेरे फिरला तो तुझा रेशो. शाफ्टवर खडूची रेघ मारून मोज. कुर्ल्याच्या अ‍ॅक्सलवर हेच दुकानातच कर. फ्री व्हील हब (चाक शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर लॉक करून. जमलं तर मागचं कव्हर उघडायला लाव. क्राउनवर दातांचे आकडे ठोकलेले सापडतात. ४३ आणि ८ दिसले तर ५.३८, जुन्या जीपचा गडगडणारा रेशो. ३९ आणि ८ तर ४.८८.

तिसरं, चाकाचे बोल्ट. पाच बोल्ट असले म्हणजे पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) एकच असं नाही. शेजारशेजारच्या दोन स्टडचं मध्य ते मध्य अंतर मोज आणि १.७ ने गुण. ८२ मिमीच्या आसपास भरलं तर १३९.७ चा पीसीडी. पुढेमागे वेगळा निघाला तर स्टेपन्या दोन वागवाव्या लागतील.

आता रॅक. तुला पटत नव्हतं ते का, ते सांगतो. आयएफएसमध्ये प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर झुलतं आणि रॅकचा टाय रॉड त्या आर्मच्याच लांबीचा, त्याच्याच ओळीत ठेवलेला असतो. दोघं एकाच कंसात झुलतात म्हणून चाक वरखाली झालं तरी दिशा बदलत नाही. सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये अख्खा दांडा वरखाली होतो, एका बाजूला उचलला की दुसऱ्या बाजूला कलतो. आणि रॅक बसलाय चेसिसवर. त्याचे दोन आखूड टाय रॉड अ‍ॅक्सलबरोबर खाली गेले की दोन्ही चाकं आत ओढली जातात, वर गेले की बाहेर. प्रत्येक खड्ड्याला टो (दोन्ही चाकांची एकमेकांकडे असलेली दिशा) बदलणार. फॅब्रिकेटर टाय रॉड लांब करतो म्हणतोय, म्हणजे ज्या टोकाचा सांधा आधीच कमी पडतोय त्यावर अजून लोड. घोडबंदरवर एक पावसाळा काढ, रॅकच्या आतले जॉइंट हातात येतील.

म्हणून रॅक काढायचा आणि चेसिसवर रीसर्क्युलेटिंग बॉलचा पॉवर बॉक्स (स्टीअरिंगचा गिअर डबा) बसवायचा. दोन्ही नकलना (चाक वळवणाऱ्या सांध्यांना) जोडणारा एकच लांब टाय रॉड अ‍ॅक्सलबरोबरच वरखाली होतो, त्यामुळे चाकांचा टो कधीच हलत नाही. बॉक्सच्या ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून निघणाऱ्या दांडीपासून) डाव्या नकलपर्यंत एक ड्रॅग लिंक जाते. चेसिस आणि अ‍ॅक्सल यांच्यात स्टीअरिंगचा तेवढाच एक दुवा, म्हणून सगळी कला त्या दांड्यात आहे.

गाडी तिच्या वजनाने उभी असताना ड्रॅग लिंक जमिनीला जेवढी समांतर तेवढं चांगलं. तिरकी असेल तर खड्ड्यात चाक उचललं जाताना ती नकलला ढकलते आणि स्टीअरिंग तुझ्या हातातून स्वतः फिरतं. गाडी उचलली की बॉक्स वर जातो, अ‍ॅक्सल खालीच राहतो, लिंक तिरकी होणारच. त्याला उपाय नकलवर वरच्या बाजूने आर्म घ्यायचा, लिंक वर आणायची. लांब ड्रॉप आर्म लावून खाली आणणारेही आहेत, पण त्याने बॉक्सच्या शाफ्टवर उगाच जोर येतो आणि दगडाला पहिला तोच लागतो.

बॉक्स घेताना एक बघ. ड्रॉप आर्म पुढे तोंड करून आहे की मागे, आणि स्टीअरिंग डावीकडे फिरवल्यावर तो कुठे जातो. उलटा बसवलास तर डावीकडे फिरवशील आणि गाडी उजवीकडे वळेल. हसू नकोस, असा एक नमुना माझ्या गाळ्यापर्यंत टोचनवर आलाय. आणि बॉक्सचे बोल्ट चेसिसच्या पोकळ पेटीतून आरपार जातील तिथे आतून पाइपचे तुकडे घालून वेल्ड कर, बाहेरून लोखंडी पट्टी मार. नुसते बोल्ट आवळलेस तर चेसिसची भिंत आत दबते, मग बोल्ट कितीही आवळ, बॉक्स हलतच राहणार.

पाटे की कॉइल? पाटे. तुझ्यासाठी तरी. पाटा अ‍ॅक्सलला पुढेमागे, आडवा-उभा सगळीकडून धरून ठेवतो. कॉइल नुसतं वजन पेलते, धरून काही ठेवत नाही. त्यामुळे लिंका आल्या, आडवा पॅनहार्ड रॉड आला, आणि तो रॉड ड्रॅग लिंकच्या लांबीचा आणि कोनाचा नसला तर दोघं एकमेकांशी भांडतात. आराम कॉइलमध्ये जास्त, हे मान्य. पण पहिल्या कामाला इतकी भूमिती झेपत नाही.

आता सगळ्यात जास्त जिथे फसतात ते. कॅस्टर. किंगपिनची (नकल जिच्याभोवती वळते त्या खिळीची) वरची बाजू मागे कललेली असते म्हणून वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ होतं. जुन्या जीपला तीनेक अंश असायचे, त्याला कारण बारीक टायर आणि साधं हाताचं स्टीअरिंग. तुझ्या रुंद टायरला आणि पॉवर स्टीअरिंगला पाच-सहा तरी हवेत. मग लोक काय करतात, पाट्याखाली पाचर मारतात. अ‍ॅक्सल मागे कलतो, कॅस्टर वाढतो. पण पिनियनही त्याच दांड्यावर आहे ना! तो मागे तोंड करून बसलाय, अ‍ॅक्सल मागे फिरला की पिनियनचं नाक जमिनीकडे वळतं. गाडी उचललेली, शाफ्ट आधीच उतरता, त्यात नाक खाली. क्रॉसचा (शाफ्टच्या सांध्याचा) कोन वाढतो आणि फोर व्हीलमध्ये थरथर सुरू. म्हणजे एकाचं भलं केलं की दुसरा रुसतो.

दोघांनाही खूश ठेवायचं तर नकल ज्या सी आकाराच्या तुकड्यावर बसते तो दोन्हीकडचा कापायचा, पाहिजे तेवढा फिरवायचा, परत वेल्ड करायचा. पिनियन शाफ्टकडे बघतो, किंगपिन हवी तेवढी मागे कलते. हे काम मात्र कळव्याच्या ब्रॅकेटवाल्याला देऊ नकोस. जाड तुकडा आहे, वेल्डिंगआधी गरम करावा लागतो, नंतर हळूहळू थंड होऊ द्यावा लागतो, आणि दोन बाजूंत अर्ध्या अंशाचा फरक पडला तर गाडी आयुष्यभर एकीकडे ओढेल. कापण्याआधी दोन्हीकडे कोनमापक लावून आकडे अ‍ॅक्सलवरच पंच करून ठेवायचे.

आणि शेवटी चाकांचा नाच. सत्तरच्या वेगात पुलाच्या सांध्यावरून गेलास की स्टीअरिंग हातातून सुटेल इतकी पुढची चाकं डावीउजवी फडफडतात. डेथ वॉबल म्हणतात. लोक लगेच स्टीअरिंग डॅम्पर लावतात. तो आजार झाकतो, बरा करत नाही. खरं कारण टायर बॅलन्स, टाय रॉडचे ढिले बॉल जॉइंट, पाट्यांचे बुश, कमी कॅस्टर, नाहीतर किंगपिनचं बेअरिंग. हे शेवटचं कोणी तपासतच नाही. नकल मोकळी कर, सगळे रॉड काढ, तेलसीलही काढ. मासळीवाल्याकडे असतो तसला हुकाचा स्प्रिंग काटा टाय रॉडच्या भोकात अडकव आणि काटकोनात हळू ओढ. नकल अडखळत सुरू व्हायला नको आणि बोटाने झुलायलाही नको, एकसारख्या ताणाने फिरली पाहिजे. त्या अ‍ॅक्सलच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो, तो येईपर्यंत टोपीखालच्या शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करायच्या. शिम आणि बेअरिंग दोन्ही नागदेवीच्या बाजारात मिळतील. बेअरिंगचा नंबर घासून वाचून ने, नमुना दाखवून आणू नकोस, फसवतात.

ब्रेकचे होज लांब, बंप स्टॉप, प्रोपेलरला जास्त स्लिप, ऑइल संप आणि अ‍ॅक्सल यांच्यात वर यायला जागा, हे सगळं आहेच. ते तुझा माणूस करेल.

सर्व्हेअर_डोंबिवली

लेथवाले काका, वाचून मजा आली. पण आरटीओचा प्रश्न तसाच राहिला, तो मी घेते. मोटार इन्शुरन्सच्या सर्व्हेची कामं करते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये मालकावरच शिक्षा आली : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलाला" हे शब्द नीट वाचा. अ‍ॅक्सल, स्टीअरिंग, टायर, उंची, मोजत बसा.

नाक्यावरचा हवालदार गाडीखाली वाकून बघत नाही, हे खरं. पण तुमची गाडी २०१३ ची, म्हणजे २०२८ ला पंधरा वर्षं होतील आणि पुन्हा नोंदणीसाठी पासिंगला न्यावी लागेल. तिथे वाकून बघतात. आणि मी तर पहिली खालीच वाकते. अपघात झाला आणि स्टीअरिंगच मूळचं नाही असं रिपोर्टमध्ये आलं, तर तुमच्या गाडीचा क्लेम अडतो. समोरच्याला लागलं असेल तर कंपनी त्याला भरपाई देऊन नंतर तुमच्याकडे वसुलीला उभी राहू शकते. फक्त खाजगी जागेत चालवणार असाल तर वेगळा विचार. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की नाशिक हायवेला पळवता.

मुलुंडकर_थार

काका, ताई, दोघांचेही आभार. रविवारी मित्राला घेऊन खडू-बिडू घेऊन बसलो. सोसायटीतल्या पोरांना वाटलं आम्ही पूजा मांडतोय. मागचा रेशो मोजला, मग तसाच कुर्ल्याला गेलो. दुकानदार आधी कुरकुरला, पण फिरवू दिलं. त्याच्या अ‍ॅक्सलचे फेरे पाचाच्या वर गेले, साडेपाचाला थोडे कमी. माझे मागचे त्याच्यापेक्षा बरेच कमी. म्हणजे जुळत नाही. मागचा क्राउन पिनियनही बदलून ५.३८ करावा का? ३३ च्या टायरला तसाही रेशो खाली (म्हणजे आकडा मोठा) लागतोच ना?

भांडुपचा_लेथवाला

मोठ्या टायरला रेशो खाली लागतो हे बरोबर, पण इतका नाही. ५.३८ टाकलास तर पाचव्या गियरलाही इंजिन गरजेपेक्षा जास्त फिरत राहील, आणि नाशिक रोडला ट्रकवाले तुला हॉर्न मारत पुढे जातील. शिवाय तुझ्या मागच्या हाउसिंगला बसेल असा तो सेट शोधण्यात वर्ष जाईल. उलट कर. टोकन परत घे, नाहीतर दुसऱ्या मालावर फिरव. तुझ्या मागच्या रेशोचा पुढचा अ‍ॅक्सल मिळाला तरच पुढे बोलू.

तोवर सर्व्हेअरबाई सांगतायत त्यावरही विचार कर. त्यांचं आणि माझं भांडण नाही. आणि तुझा मूळ आजार अ‍ॅक्सलचा नाहीच, पिळलेल्या टॉर्शन बारचा आहे. ते आधी खाली घे. गाडी सपाट जागी उभी कर, टाकी अर्धी, आत कोणी नाही. अ‍ॅडजस्टर बोल्ट सोडताना पुढची चाकं जॅकवर हवेत असू दे, वजन असताना फिरवलास तर आटे जातील. दोन्ही बोल्ट सारखे फेरे फिरवले म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत. हबच्या मधोमधपासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोज. थोडं फिरव, खाली उतरव, पाच-पंचवीस फूट मागेपुढे ने म्हणजे आर्म सुटे होऊन बसतील, मग परत मोज. खालचे आर्म जवळजवळ आडवे आले की थांब. ड्राइव्ह शाफ्टही सरळ होतील, बूट टिकतील. त्याच दिवशी अलाइनमेंट करून घे, नाहीतर नवे टायर एका बाजूने खाल्ले जातील आणि तू पुन्हा इथे येऊन विचारशील. टायर ३१ पर्यंत ठेव.

मुलुंडकर_थार

टोकन परत नाही म्हणाला, माल बदलून देतो म्हणाला. त्याच्याकडे जीपच्या ट्रान्सफर केस पडल्यात, नको आहेत. शनिवारी बार खाली घेतोय. काका, अ‍ॅडजस्टरचे बोल्ट गंजून जाम झालेत, गॅसने तापवू का?

भांडुपचा_लेथवाला

टॉर्शन बारच्या जवळ गॅस अजिबात नाही! स्प्रिंगचं पोलाद आहे, तापलं की पाणी उतरतं, कडकपणा जातो. आदल्या रात्री आटे वायर ब्रशने घास, गंज सोडवायचं तेल मार, सकाळी परत मार. मग लांब हँडलचा पाना, आणि आधी थोडा आवळायच्या दिशेने, मगच सोडायच्या. तरी नाही निघाला तर जबरदस्ती करू नकोस, गाडी घेऊन ये. दुपारी दोन ते चार गाळा बंद असतो.